तासिका तत्त्वावर

पस्तीस वर्षे आम्ही बुलडाणा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मराठी शिकवली. शिकवली म्हणजे काय केले, तर मुख्यतः शब्दांवर बोट ठेवले. कवीने येथे ‘सांज’ न म्हणता ‘तिन्हीसांज’ का म्हटले, निवेदकाने या पात्राला ‘तो’ आणि त्या पात्राला ‘ते’ का म्हटले, असले प्रश्न मुलांना विचारले आणि उत्तरे येईनात तेव्हा रागावलोही. त्याच पस्तीस वर्षांत आमच्या व्यवसायाविषयीचे जे शब्द मंत्रालयातून येत राहिले, आधी टपालाने आणि पुढे संगणकावरून, ते मात्र आम्ही निराळ्या नजरेने वाचले. आपल्या पगाराला काही लागते का, एवढेच पाहिले आणि फाइल मिटली. निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली. ते कागद पुन्हा काढून वाचताना असे वाटते की, वाचक म्हणून आम्ही कुठे नापास झालो असू तर इथे.

निमित्त घडले ते एका साध्या कामाचे. गेल्या पावसाळ्यात निवृत्तिवेतनाच्या कागदावर एक सही हवी होती म्हणून महाविद्यालयात गेलो. मराठी विभागाच्या खोलीत तीन खुर्च्या अजून तशाच होत्या. मंजूर पदे तीन म्हणून खुर्च्या तीन. एक सहकारी २०११ साली निवृत्त झाले, दुसरे २०१४ साली आणि आम्ही ३० जून २०१७ रोजी. आमच्या निवृत्तीच्या महिनाभर आधी, २५ मे २०१७ रोजी, पदभरतीवर निर्बंध घालणारा शासननिर्णय निघाला होता. निरोपसमारंभात त्याचा उल्लेख कोणी केला नाही. आम्हीही केला नाही. शाल, श्रीफळ आणि ‘सरांची उणीव भासेल’ एवढ्यावर कार्यक्रम आटोपला. उणीव भासेल हे अलंकारिक बोलणे नसून ते एक प्रशासकीय वास्तव आहे, हे तेव्हा ध्यानात आले नाही.

पुढे ३ नोव्हेंबर २०१८ रोजी राज्यभरातील ३५८० पदे भरण्यास परवानगी मिळाली. रिक्त पदांपैकी चाळीस टक्केच भरायची, असे त्यातले सूत्र होते. त्यांतलीही २०८८ पदे रेंगाळली आणि २०२१ साली त्यांच्यासाठी पुन्हा परवानगी द्यावी लागली. आमच्या तीन खुर्च्यांपर्यंत यांतले काही पोचले नाही. त्या खुर्च्यांचे काम चालते ते तासिका तत्त्वावर.

त्या दिवशी आमचे तास जो घेत होता, तो आमचाच विद्यार्थी. त्याचे नाव येथे देत नाही, कारण तो अजून त्याच नोकरीत आहे. नोकरी म्हणावी तर. त्याने आग्रह केला म्हणून मागच्या बाकावर बसलो. बी. ए. च्या अंतिम वर्षाचा वर्ग, पंधरा-सोळा मुली आणि सहा-सात मुले. शिकवायला सदानंद देशमुखांची ‘बारोमास’ होती. याच जिल्ह्याच्या या कादंबरीकाराला त्या कृतीसाठी २००४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, हे वाचकांना सांगायला नको. उच्चशिक्षित एकनाथ, नोकरीसाठी मागितला जाणारा पैसा, तो उभा करू न शकणारे शेतकऱ्याचे घर, आणि शेवटी ज्या मातीतून बाहेर पडण्यासाठी शिकला त्याच मातीत परतलेला तो तरुण, असे सारे तो समजावून सांगत होता. चांगले शिकवत होता. आम्ही शिकवायचो त्याहून चांगले, कारण कोरडवाहूचे अर्थशास्त्र त्याला पुस्तकातून काढावे लागत नव्हते.

मध्येच एका मुलीने विचारले, “सर, एकनाथला तेव्हा नोकरी लागली असती, तर पगार किती मिळाला असता?”

प्रश्न निरागस होता. तो म्हणाला, “कायम असता तर चांगला मिळाला असता.” मग थोडा थांबला, आणि पुढच्या प्रकरणाकडे वळला.

तासानंतर चहा घेताना आम्ही त्याला तोच प्रश्न त्याच्याविषयी विचारला. इतक्या वर्षांत विचारला नव्हता, हेही येथे नोंदवले पाहिजे. त्याने हिशोब सांगितला. तासिकांचा दर २०१८ साली पदवी वर्गासाठी ताशी ५०० रुपये ठरला. नंतर तो वाढला. पण तास म्हणजे ‘घड्याळी तास’. महाविद्यालयातली तासिका अठ्ठेचाळीस मिनिटांची. तेव्हा पाच तासिका घेतल्या की कागदावर चार तास भरतात. आठवड्याला नऊ घड्याळी तास धरले, तर त्या दराने महिन्याला अठरा हजार होत. त्यातून सुट्या वजा, दिवाळी वजा, परीक्षांचे दिवस वजा. उन्हाळ्यात काहीच नाही. आणि जे मिळायचे तेही महिन्याच्या महिन्याला येईलच असे नाही. “सर,” तो म्हणाला, “एकादशी, पोळा, पंधरा ऑगस्ट, सगळ्या सुट्या मी घाबरत बघतो. लहानपणी सुटी आवडायची.” विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानाला १५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असे सुचवले होते. ते त्याला ठाऊक होते. तो हसला आणि म्हणाला, तो आकडा आम्ही प्रश्नपत्रिकेतल्या पर्यायी प्रश्नासारखा सोडून देतो.

घरी येताना एकच शब्द डोक्यात घोळत राहिला : ‘तत्त्व’. तासिका तत्त्वावर. तत्त्वासाठी माणसे तुरुंगात गेली, तत्त्वासाठी राजीनामे दिले गेले. याच जिल्ह्यात, खामगावला, असहकाराच्या काळात राष्ट्रीय शिक्षणाची शाळा उभी राहिली. परक्या सरकारच्या मदतीवाचून शिक्षण देण्याचे तत्त्व त्या काळच्या शिक्षकांनी स्वतः पत्करले होते. अनुदान नाकारणे हे तत्त्व होऊ शकते. पण दुसऱ्याला ते न देणे हे कोणाचे तत्त्व? माणसाला मिनिटांवर मोजायचे आणि त्या मोजणीला तत्त्व म्हणायचे, ही भाषेची करामत आम्ही एखाद्या कवितेत पाहिली असती, तर तीवर अर्धा तास व्याख्यान दिले असते.

आणि हा एकच शब्द नव्हे. जुने कागद चाळले तर अशा शब्दांची एक माळच हाती लागते.

सन २००० मध्ये ‘शिक्षणसेवक’ आला. तोवर शाळेत शिक्षक नेमला जाई. आता तीन वर्षांसाठी सेवक नेमला जाऊ लागला. प्राथमिकला महिना ३००० रुपये, माध्यमिकला ४०००, उच्च माध्यमिकला ५०००. सेवक म्हटले की वेतन मागण्याची सोय उरत नाही. सेवेला मानधन असते. ते मानधन वाढत वाढत २०२३ साली १६, १८ आणि २० हजारांवर आले, पण शब्द तोच राहिला. २००१ च्या सुमारास ‘कायम विनाअनुदानित’ आले. या शब्दप्रयोगापाशी आम्ही आज थबकतो. ‘कायम’ हा आमच्याकडच्या मध्यमवर्गाचा सर्वांत प्रिय शब्द. मुलगा कायम झाला की पेढे वाटतात. तोच शब्द येथे उलटा फिरवला : तुम्ही कायम राहाल ते अनुदानाविना. २००९ साली शाळांपुढचा हा ‘कायम’ काढला गेला, पण अनुदान काही लगेच आले नाही. २०१६ पासून ते वीस-वीस टक्क्यांच्या ‘टप्प्यां’नी येऊ लागले, आणि पुढच्या टप्प्यासाठी शिक्षक २०२५ च्या जुलैतही आझाद मैदानात पावसात बसलेले होते. शाळांच्या खडू-फळ्याचा, वीजबिलाचा आणि ग्रंथालयाचा खर्च ज्यातून चाले ते ‘वेतनेतर अनुदान’. ते काही वर्षे बंद होते. २०१३ साली पुन्हा सुरू झाले. ‘वेतनेतर’, म्हणजे वेतन सोडून बाकीचे. त्या बाकीच्यात विद्यार्थ्याच्या हाती पडणारे जवळजवळ सगळेच येते, हे त्या शब्दावरून कळत नाही.

आमच्या एका मित्राच्या माध्यमिक शाळेतला प्रसंग सांगतो. तो मुख्याध्यापक. शाळेचा शिपाई निवृत्त झाला. ११ डिसेंबर २०२० च्या शासननिर्णयाने अनुदानित शाळांतली चतुर्थश्रेणीची पदे, ती जसजशी रिकामी होतील तसतशी, ‘व्यपगत’ ठरली आणि त्याऐवजी ‘शिपाई भत्ता’ लागू झाला. ग्रामीण भागासाठी महिना ५००० रुपये. तेव्हापासून घंटा मित्रच वाजवतो. तो सांगत होता की, गणिताच्या तासाला मुलगा उत्तराजवळ येतो आणि नेमके तेव्हाच त्याला वर्ग सोडून घंटेकडे धावावे लागते. आम्ही हसलो. मग तो म्हणाला, “हसू नका. मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी कोण भरतं ते विचारा.” आम्ही विचारले नाही. व्यपगत या शब्दाचा अर्थ आम्हाला तेव्हा कळला. पद नाहीसे होते, काम नाहीसे होत नाही. ते आधीच थकलेल्या कोणाच्या तरी अंगावर जाऊन बसते.

शिक्षणावरच्या खर्चात कपात झाली, असे आपण म्हणतो तेव्हा एखाद्या वर्षीच्या अर्थसंकल्पातला एखादा आकडा कमी झाला असावा, अशी समजूत होते. राज्याच्या अर्थसंकल्पातला शिक्षणाचा एकूण आकडा पाहिला, तर तो वाढतानाच दिसतो, आणि त्यावर बोट ठेवून कपात कुठे आहे, असे विचारताही येते. कोठारी आयोगाने राष्ट्रीय उत्पन्नाच्या सहा टक्के शिक्षणावर खर्च व्हावेत असे म्हटले. १९६८ च्या धोरणाने ते मान्य केले, २०२० च्या धोरणाने पुन्हा उच्चारले. प्रत्यक्ष खर्च तिथे कधी पोचला नाही. पण आमच्या तालुक्यात कपात आली ती टक्केवारीच्या रूपाने नाहीच. ती आली न भरलेल्या खुर्चीच्या रूपाने. न भरलेल्या खुर्चीचा आवाज होत नाही. कोणाला नोकरीवरून काढलेले नसते, त्यामुळे मोर्चा निघत नाही. आणि वाचलेला पैसा खरे तर वाचलेला नसतोच. तो भरणारा बदललेला असतो. राज्याऐवजी तो आता तासिकावाल्याच्या तारुण्यातून जातो, मुख्याध्यापकाच्या गुडघ्यांतून जातो, विद्यार्थिनीच्या समजुतीतून जातो.

विद्यार्थिनीच्या समजुतीतून कसा, तेही सांगितले पाहिजे. त्या वर्गातल्या मुलींपैकी बऱ्याच जणी एस. टी. ने ये-जा करणाऱ्या, घरातल्या पहिल्या पदवीधर होऊ पाहणाऱ्या. आमच्या काळी विभागात तिघे होतो. एकाची कविता, एकाचे भाषाशास्त्र, आमची कादंबरी. एकाचे पटले नाही तर विद्यार्थी दुसऱ्याकडे जाऊन त्याच्याविरुद्ध मत घेऊन यायचा. समीक्षा शिकण्याची आमच्याकडची हीच पद्धत होती. आता सगळे प्रश्न जो मिनिटांवर मोजला जातो अशा एकाच माणसाकडे जातात, आणि तोही पुढच्या जूनमध्ये असेल की नाही, हे कोणालाच माहीत नसते. तास संपल्यावर थांबून बोलायला त्याला वेळ नसतो, कारण दुपारी दुसऱ्या गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात त्याच्या आणखी काही तासिका असतात. मुलींच्या हातात मग कादंबरी नव्हे, मार्गदर्शिका दिसते. आम्ही मागच्या बाकावरून मोजले, मूळ पुस्तक दोघींकडे होते.

कोणी म्हणेल, साहित्याला प्राध्यापक कशाला हवेत? मेहकरला वकिली करणाऱ्या ना. घ. देशपांड्यांनी ‘खूणगाठी’साठी १९८६ सालचा अकादमी पुरस्कार मिळवला, तो काही मराठी विभागाच्या जोरावर नव्हे. आक्षेप खरा आहे. कवी महाविद्यालयावाचून होतो. पण ज्या घरात पुस्तक म्हणजे पंचांग आणि बँकेचे पासबुक, त्या घरातली मुलगी वाचक होते ती बहुधा कोणीतरी तिच्याशी पुस्तकाविषयी बोलल्यामुळेच. कवीला विभाग लागत नसेल, वाचकाला लागतो.

शासनाची बाजू आम्हाला दिसत नाही असे नाही. खेड्यातला पट उतरला आहे. आठ मुलांची शाळा चांगलीच असते, असे म्हणण्याइतके आम्ही भाबडे नाही. डिसेंबर २०१७ मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या १३१४ शाळांच्या ‘समायोजना’चा निर्णय झाला आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कमी पटाच्या शाळांसाठी ‘समूह शाळे’ची कल्पना पुढे आली, तेव्हा त्यामागे काही विचार होताच. पण जळगाव जामोद-संग्रामपूरकडे, सातपुड्याच्या पायथ्याशी, चार किलोमीटर म्हणजे काय, हे नकाशावर दिसत नाही. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याखालील नियमांनी पहिली ते पाचवीसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा असावी असे मानले, ते काही उगाच नव्हे. शाळा लांब गेली की आधी मुलगी घरी बसते, मुलगा नंतर. ‘समायोजन’ या शब्दात ती घरी बसलेली मुलगी कुठे मावते, हे आम्हाला सापडत नाही.

आता आमच्याविषयी. हे सगळे लिहिताना आम्ही साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे आहोत, असा कोणाचा समज झाला असेल तर तो दुरुस्त केला पाहिजे.

सन २००४ मध्ये, ज्याचा तास ऐकत आम्ही मागच्या बाकावर बसलो, त्याचे वडील आमच्या घरी आले होते. चार एकर कोरडवाहू. अंगणातच उभे राहिले; बसा म्हटले तर बसेनात. म्हणाले, “सर, पोरगं म्हंते एमे करतो. म्या म्हनतो तलाठ्याच्या परीक्षेले बस. तुमीच सांगा आता.” आम्ही काय सांगितले ते शब्दशः आठवते. आम्ही म्हणालो, “एम. ए. करू द्या. मराठीला मरण नाही, आणि हुशार पोराला नोकरी कमी नाही.” त्यांनी बैलजोडी विकून मुलाला अमरावतीला पाठवले. ज्या गाडगेबाबांचे नाव आमच्या विद्यापीठाला आहे, ते जन्मभर सांगत फिरले की, जेवणाचे ताट विका पण मुलाला शिकवा. त्या माणसाने ऐकले. एम. ए. झाले, सेट झाली, पीएच. डी. झाली.

२००४ साली शिक्षणसेवक योजनेला चार वर्षे झाली होती. ‘कायम विनाअनुदानित’ हे शब्द आमच्या फाइलीत होते. ते आम्ही वाचले होते, पण आम्हाला लागू नव्हते. पुढल्याच वर्षी, १ नोव्हेंबर २००५ नंतर नोकरीत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद झाली. तेही आम्हाला लागू नव्हते. आमचा पगार, आमचे निवृत्तिवेतन, आमच्या रजा शाबूत होत्या. २०१३ साली सहाव्या वेतन आयोगाच्या थकबाकीसाठी प्राध्यापकांनी परीक्षांच्या कामावर बहिष्कार टाकला, त्यात आम्ही होतो. थकबाकीचा आकडा आम्हाला रुपया-पैशांत पाठ होता. तासिकावाल्यांची मागणी त्या यादीत कितव्या क्रमांकावर होती, होती की नव्हती, हे आज आठवत नाही. ते आठवत नाही, याचाच आम्हाला त्रास होतो. शिडी चढून गेल्यावर खालच्या पायऱ्या कोणी काढून नेत होते, आणि आम्ही वर बसून सौंदर्यशास्त्र शिकवत होतो.

तो आम्हाला कधी बोलला नाही. भेटला की वाकून नमस्कार करतो. त्याचे वडील चार वर्षांपूर्वी गेले. दहाव्याला गेलो तेव्हा त्याच्या काकांनी ओळख करून दिली, “हे सर. यायनंच त्याले शिकवलं.” त्या वाक्यात राग नव्हता. असता तर बरे झाले असते.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या गावीही कार्यक्रम झाला, आम्हाला बोलावले, आम्ही बोललो. भाषेच्या प्राचीनत्वाचे पुरावे सांगितले. सूत्रसंचालन त्याच्याकडे होते. त्या दिवशी वर्ग बंद असल्यामुळे त्याचे तास बुडाले होते. भाषा अभिजात आणि ती शिकवणारा घड्याळी, ही विसंगती व्यासपीठावरून बोलून दाखवायचे आम्ही ठरवून गेलो होतो. बोलून दाखवली नाही. म्हणून येथे लिहिली.

अलीकडे रविवारी सकाळी तालुक्यातले चार-पाच तासिकावाले आमच्या ओसरीवर जमतात. आम्ही शासननिर्णय वाचतो. जसा एखादा पाठ वाचावा तसा, शब्दावर बोट ठेवून. कोणत्या वाक्यात कर्ता गाळला आहे, ‘देय राहील’ आणि ‘देण्यात येईल’ यांत काय फरक, ‘यथावकाश’ म्हणजे किती अवकाश. अर्ज मसुदून देतो, माहितीच्या अधिकारात पत्रे लिहितो. फार काही हाती लागले आहे असे नाही. एकाची अकरा महिन्यांची थकबाकी निघाली, एवढेच. पण आपल्या विद्येचा हा उपयोग आहे, हे आम्हाला निवृत्त झाल्यावर कळले.

परवा ती प्रश्न विचारणारी मुलगी घरी आली होती, सोबत तिची आई. मराठीत एम. ए. करावे म्हणते. या वेळी आम्ही ‘मराठीला मरण नाही’ असे म्हणालो नाही. फळ्यावर मांडावा तसा हिशोब मांडला : अठ्ठेचाळीस मिनिटे, घड्याळी तास, रिकाम्या तीन खुर्च्या, ताशी दर, उन्हाळा. तिच्या आईने सगळे ऐकून घेतले आणि मुलीकडे पाहिले. मुलगी म्हणाली, “सर, हे सगळं आम्हाला माहीत आहे. सर वर्गात बोलत नाहीत, पण दिसतं. मला तरी करायचं आहे. फक्त प्रवेश-अर्जाची शेवटची तारीख कोणती, ते कळत नाही.”

आम्ही म्हणालो, चौकशी करून सांगतो. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीने गेलो आणि तारीख विचारून आलो.